मागच्या ओट्याचा पाडाव

वाचणारांचे सेवेसी विनंती ऐसी जे, मागील अंगणातील काँक्रीटचा ओटा कैसा उभा राहिला, त्यापायी घरात दुफळी कैसी माजली, आणि शेवटी ठेकेदाराची फौज आणोन तो कैसा जमीनदोस्त केला, हे वर्तमान साद्यंत लिहून ठेवावे ऐसी घरच्यांची इच्छा जाहली. त्यास, जैसे घडले तैसेच लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही. घातले असल्यास ते वाळूइतके, सिमेंटाइतके नाही, हे जाणोन वाचावे.

या घराचे धनी विमा कचेरीत मोठ्या हुद्द्यावर असोन तेथील मंडळी त्यांस वचकून असत. परंतु घरात पाऊल टाकताच त्यांचा अंमल चपलांच्या फळीपाशी संपत असे. तेथून स्वयंपाकघरापर्यंतचा मुलूख धन्यांच्या पत्नीचा, ज्यांस सारे बाईसाहेब म्हणत. आणि मागल्या खोलीपासून अंगणाच्या भिंतीपर्यंतचा मुलूख धन्यांच्या तीर्थरूपांचा, ज्यांस या लेखात थोरले साहेब म्हटले आहे. दोन्ही मुलखांच्या सरहद्दीवर धनी राहात आणि दोन्हीकडचा मार खात.

थोरले साहेब नोकरीत असता त्यांच्या हाताखाली माणसे बहुत. निवृत्त जाहले आणि हुकूम सोडावा तर ऐकणारा कोणी राहिला नाही. अशा समयी अंगणात पाण्याची थोर टाकी बसवावी आणि तीस काँक्रीटची बैठक करावी हा विचार त्यांच्या मनी आला. आणि सूनबाई माहेरी, चिरंजीव कचेरीच्या कामी परगावी, हा मोका पाहून त्यांनी गवंडी बोलाविला. गवंडी माल कालवू लागला, तो यांस पातळ दिसला. मग त्याचे हातचे फावडे काढोन घेतले, दस्तुरखुद्द उभे राहून सिमेंट दुप्पट ओतविले, आणि लोखंड पुरेना म्हणून घरातील अडगळ हुडकून जे जे लोखंडाचे हाती लागले ते ते आत निजविले. ओटा ऐसा मजबूत जाहला की त्यावर टाकी काय, टाकीसकट घर ठेवावे. परंतु टाकी पुढे नळवाल्याच्या सल्ल्याने गच्चीवर बसली, आणि ओटा बिनकामाचा, बिनहुद्द्याचा, तसाच अंगण अडवून राहिला. त्यास उतारही दिला होता. फक्त तो घराकडे दिला होता. त्यामुळे पाऊस पडे तेव्हां ओट्यावरील सारे पाणी फौज बांधून स्वयंपाकघरात शिरे, आणि बाईसाहेब पोतेरे घेऊन त्यास सामोऱ्या जात. ऐसी वीसाहून अधिक वर्षे गेली.

मग एके सकाळी बाईसाहेब ओट्यावर कपडे वाळत घालावयास गेल्या असता शेवाळाने दगा केला, आणि खाशी स्वारी पाठीवर पडोन उजवे मनगट मोडले. पडतानाही हातचा धुतलेला टॉवेल त्यांनी जमिनीस लागू दिला नाही, ही गोष्ट शेजारणींनी बहुत दिवस वाखाणिली. हाड बसविले, प्लास्टर चढले, आणि प्लास्टरचा हात तोफेसारखा टेबलावर मांडोन बाईसाहेबांनी हुकूम फर्माविला.

"या घरात एक तर तो ओटा राहील, नाही तर मी. घाई नाही, नीट विचार करा. जेवायच्या आत सांगा."

हे वर्तमान मागल्या खोलीत पोहोचावयास वेळ लागला नाही, कारण भिंत पातळ. तेथून जाब आला.

"मी आहे तोवर त्याला कोणी हात लावायचा नाही. त्याला काय झालंय? ती पडली. तो पडला का?"

धनी दोन्ही दरबारी "बघतो" इतकेच बोलिले. हा शब्द त्यांच्या कारभाराचा कणा होता, आणि आजवर त्यावर कित्येक संकटे निभावली होती. परंतु दुसरे दिवशी कचेरीस निघता निघता आरशापाशी त्यांनी पाहिले, तो बाईसाहेब डाव्या हाताने वेणी घालावयाचा यत्न करीत होत्या, केस सुटत होते, पुन्हा धरीत होत्या, पुन्हा सुटत होते, आणि तोंडातून शब्द काढीत नव्हत्या. धन्यांस हे बोलण्याहून जड गेले. मग त्यांनी पुढे होऊन केस हाती घेतले, आणि जैसी जमली तैसी वेणी घातली. ती वेणी पाहून शिपायापासून साहेबापर्यंत कोणीही हसले असते. बाईसाहेब हसल्या नाहीत, आणि तेच क्षणी मोहीम मुक्रर जाहली.

पहिला ठेकेदार आला तो बोलण्यास बहुत मधाळ. त्याने बुटाच्या टाचेने ओट्यास ठोकरले आणि म्हणाला, "हे होय? मला वाटलं काही मोठं असेल. दोन तासांत मोकळं करून देतो. उद्या सकाळी माणसं पाठवली म्हणून समजा." मग चहा घेतला, आणि गेला. त्या उद्याची सकाळ अद्याप उजाडावयाची आहे. फोन केला असता तो सदैव रस्त्यातच असे, आणि तो रस्ता कोणता याचा शोध कोणासही लागला नाही. थोरल्या साहेबांनी हे ऐकिले आणि भिंतीकडे तोंड करोन निजले होते ते या कुशीवर वळले.

येथे हे सांगणे अगत्याचे जे, थोरले साहेब गेल्या आजारपणापासून खोलीबाहेर येईनासे जाहले होते. दुखणे गेले होते, परंतु मन परत आले नव्हते. ताट अर्धे परत येई. वर्तमानपत्र घडी न मोडता परत येई. "बाबा, बाहेर बसता का?" विचारिले तर "काय ठेवलंय बाहेर," ऐसे उत्तर येई, आणि धनी दाराशी उभे राहून परत फिरत. या गोष्टीची चर्चा घरात होत नसे, पण विसर कोणासही पडत नसे.

मग दुसरा ठेकेदार आणिला. हा गृहस्थ अंगाने रुंद, काँक्रीट फोडावयाचा ब्रेकर चालविण्यात उभी हयात घालविलेला, आणि त्या दणदणाटापायी कानांनी इस्तिफा दिलेला. सबब लोक त्यास दणकेमामा म्हणत, आणि ते नाव त्यास ऐकू येत नसल्याने त्याची हरकत नव्हती. मामांनी ठोकरले नाही. ते उकिडवे बसले, ओट्यावर तळहात फिरविला, खिशातील खिळ्याने एक रेघ ओढून पाहिली, रेघ उमटली नाही. मग वर पाहून पुसिले,

"कोणी केलंय हे?"

"आमच्या बाबांनी."

"काय?"

"बाबांनी! वडिलांनी!"

"कोणाशी वैर होतं का त्यांचं?"

मोबदल्याची बोलणी ठरून दुसरे दिवशी मामांची फौज दाखल जाहली. दोन गडी, घण, पहारी, घमेली, आणि फडक्यात गुंडाळलेला खासा ब्रेकर, जो मामा लेकरासारखा छातीशी धरोन आणीत. वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून घेतली, ब्रेकर ओट्यावर टेकविला, आणि हल्ला सुरू जाहला. कपाटातील पेले नाचू लागले, शेजारची मंडळी भिंतीवरून डोकावू लागली, धुळीने आसमंत भरला. मग धूळ बसली आणि पाहिले, तो ओट्यावर बोटभर खळगा पडला होता, आणि ब्रेकरचे पाते मोडोन दोन तुकडे जाहले होते.

त्याच समयी मागल्या खोलीची खिडकी उघडली. थोरले साहेब खुर्ची ओढून खिडकीत बसले होते.

"हं! मारा! थांबलात का?" ऐसी आरोळी आली. "आणि त्या कोपऱ्यात तर जाऊच नका. तिथं मी स्वतः उभा होतो!"

त्या दिवशी थोरल्या साहेबांनी दाढी केली. दुपारी भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली. संध्याकाळी वर्तमानपत्र वाचिले आणि त्यातील चुका धन्यांस सांगितल्या. दुसरे दिवशी मामांनी नवे पाते आणिले, तेही बोथट जाहले. थोरल्या साहेबांनी त्या रात्री चक्क शीळ घातली. बाईसाहेबांनी धन्यांस इतकेच सांगितले, "बाबांनी आज दोनदा वाढून घेतलं." आणि तिसरे दिवशी भाजी मोठ्या पातेल्यात केली, आणि ती डाव्या हाताने केली.

धनी मात्र मोठ्या पेचात पडले. ओटा पडावा म्हणून मोहीम काढिली, आणि ओटा पडत नाही म्हणून वडील उठून बसले. उद्या ओटा पडला तर काय? धनी कचेरीत कागदावर सही करता करता थांबत, आणि खिडकीतली ती आरोळी त्यांचे कानी येई. त्यांस ती हवी होती. आणि ओटा जावयासही हवा होता. ऐसा हा दुहेरी वेढा.

मग बहुत विचार करोन त्यांनी एक गुप्त तजवीज योजिली. संध्याकाळी मामा निघाले, तेव्हां त्यांस फाटकापाशी गाठिले, आजूबाजूस पाहिले, कोणी नाही ऐसी खातरजमा केली, आणि कानाशी लागून बोलिले,

"मामा, एक विनंती होती. बाबांना जरा सांगाल का, काँक्रीट फार चांगलं आहे म्हणून?"

"काय?"

"बाबांना सांगा! चांगलं आहे!"

"कोण चांगलं आहे?"

"काँक्रीट! त्यांना बरं वाटेल!"

"वाटेल काय?"

येथे धन्यांचा धीर सुटला आणि ते सर्व बळ एकवटून ओरडिले, "त्यांचं जरा कौतुक करा हो! खोटं असलं तरी चालेल!"

ही गुप्त मसलत रस्त्याच्या दोन्ही टोकांस ऐकू गेली. समोरच्या गच्चीवरील बाई कपडे काढता काढता थबकली. एक सायकलवाला उतरून उभा राहिला. आणि मागल्या खोलीच्या खिडकीतून एक खोकला ऐकू आला, जो खोकला नव्हता.

दुसरे दिवशी मामा धन्यांच्या विनंतीस मान देऊन खिडकीखाली उभे राहिले, डोक्याचा रुमाल काढिला, आणि पाठ करून आणिलेले वाक्य बोलिले, "आजोबा, असलं काँक्रीट मी आयुष्यात पाहिलं नाही."

थोरल्या साहेबांनी खिडकीचे दार सताड उघडिले. मग खिडकीबाहेर वाकून, मामांस ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "खोटं असलं तरी चालेल, असं सांगितलंय ना तुम्हाला?"

स्वयंपाकघराच्या दाराशी धनी उभे होते, त्यांस जमीन दुभंगेल तर बरे वाटले. ती दुभंगत नव्हती, हाच तर सर्व तंटा.

मामांनी खिशात हात घातला, मोडक्या पात्याचा तुकडा काढिला आणि खिडकीत ठेविला. "हे खोटं आहे का? दोन घेतली तुमच्या ओट्यानं. मी खोटं कशाला बोलू? मला त्याचे जास्तीचे कोण देतंय?"

थोरल्या साहेबांनी तो तुकडा उचलिला, उलटसुलट केला, चष्मा लावून पाहिला. "ठेवून जा इथं," म्हणाले. आणि त्या दिवशी आरोळ्या मारिल्या नाहीत. खिडकीत बसोन काम पाहिले मात्र, जैसे कोणी आपले काम पाहतो तैसे.

पुढे मामांनी वरून मारा सोडोन कडेने सुरुंगासारखी खोदाई केली, आणि ओट्याची एक बाजू उचलली. ती ढासळली तो आतून लोखंड निघू लागले. प्रथम खिडकीचे गज निघाले. मग खाटेची चौकट निघाली. मग गड्याने पहार घातली तो खणकन आवाज होऊन एक बिडाची जाळी दिसली, वेलबुट्टीची, आणि तिजला लागून एक चाक. गडी म्हणाला, "मामा, मशीन निघाली!"

बाईसाहेब चहा घेऊन आल्या होत्या. त्या तेथेच उभ्या राहिल्या.

ते त्यांच्या शिवणयंत्राचे स्टँड होते. लग्नात माहेरहून आलेले, आईने वापरलेले. पुढे विजेचे नवे यंत्र आले, तेव्हां ते माळ्याखाली सारून ठेविले होते, आणि एकदा माहेरहून परत येऊन पाहतात तो नाहीसे. त्याच सुमारास त्यांच्या नणंदेच्या, म्हणजे धन्यांच्या थोरल्या भगिनीच्या, दिवाणखान्यात एक नवे टेबल आले. वर संगमरवर, आणि खाली शिवणयंत्राचे बिडाचे स्टँड. बाईसाहेबांनी ते पाहिले, वेलबुट्टी ओळखिली ऐसे त्यांस वाटले, आणि त्या दिवसापासून वन्संच्या घरी चहा वर्ज्य केला. पित्ताचे कारण सांगितले. तंटा केला नाही, विचारिले नाही. फक्त चहा घेतला नाही. दोन घरांमधील ती थंडी वीस वर्षे टिकली, आणि कोणासही कारण ठाऊक नव्हते.

बाईसाहेब खिडकीखाली गेल्या.

"बाबा, हे काय आहे?"

"लोखंड."

"माझ्या मशीनचं स्टँड आहे हे."

"असेल. माळ्याखाली धूळ खात होतं. लोखंडाशिवाय काँक्रीटला जोर येत नाही."

"मला विचारायचं तरी!"

"तू माहेरी होतीस."

"आणि नंतर? इतकी वर्षं?"

थोरले साहेब गोंधळले. त्यांस यात कपट नव्हते, आणि ते चेहऱ्यावर दिसत होते. "मला कोणी विचारलंच नाही," ते म्हणाले.

हे खरे होते, आणि बाईसाहेबांसही ते ठाऊक होते. त्या आत गेल्या आणि दार लोटिले. थोरल्या साहेबांनी खिडकी लाविली. मामांस काही ऐकू आले नव्हते, परंतु त्यांनी चेहरे पाहिले, आणि ब्रेकर गुंडाळून त्या दिवसापुरती फौज मागे घेतली. रात्रीचे ताट जैसे गेले तैसे परत आले. धनी इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरले, "बघतो" म्हणावयास तोंड उघडिले, परंतु कोणी काही मागतच नव्हते, मग बघणार काय.

सकाळी बाईसाहेब अंगणात गेल्या. ढिगाऱ्यापाशी बसोन डाव्या हाताने स्टँडवरील काँक्रीट खरवडू लागल्या. थोडे निघाले, बाकीचे निघेना. पायाने चालवावयाचा पायटा हलवून पाहिला, तो जागचा हलेना. मग तेथेच बसोन त्यांनी फोन लाविला. धनी दाराआड होते. आडून ऐकणे धन्यास शोभत नाही, तरी ऐकिले.

"वन्सं, मी बोलतेय. हो, हात बरा आहे. एक विचारायचं होतं. तुमच्या हॉलमधलं ते टेबल आहे ना, मशीनच्या स्टँडचं, ते कुठून घेतलंत? ... जुन्या बाजारातून. ... नाही, सहजच." मग त्या थांबल्या, आणि धन्यांस वाटले की आता फोन ठेवतील. ठेविला नाही. "सहज नाही. वन्सं, मी इतकी वर्षं तुमच्याकडे चहा घेतला नाही, ते पित्तामुळे नव्हतं."

आणि त्यांनी सारे सांगितले.  मग फोनमधून ऐसा आवाज फुटला की दाराआड उभ्या धन्यांसही शब्द न् शब्द कळला.

"अगं बाई! आणि मला वाटायचं माझा चहाच वाईट होतो! मी त्यापायी किती पुड्या बदलल्या!"

बाईसाहेब हसू लागल्या. हसता हसता डोळ्यांस पदर लाविला, प्लास्टरचा हात मांडीवर आपटला, कळ आली, तरी हसू थांबेना. ढिगाऱ्यात बसलेल्या, केस सुटलेल्या, अशा त्या धन्यांस लग्नात दिसल्या होत्या त्याहून देखण्या दिसल्या, परंतु हे त्यांनी बोलून दाखविले नाही.

मग बाईसाहेबांनी ताट वाढिले आणि स्वतः मागल्या खोलीत नेले. थोरले साहेब भिंतीकडे तोंड करोन निजले होते.

"बाबा, उठा, जेवून घ्या. आज ते कोपरा फोडणार आहेत. तुम्ही खिडकीत नसलात की त्यांचा हात चालत नाही."

थोरले साहेब उठून बसले. पहिला घास घेतला, दुसरा घेतला. मग ताटाकडे पाहात म्हणाले, "ते स्टँड फार जोरदार होतं. मधला सगळा भार त्यानंच धरून ठेवला होता."

"माहेरचं होतं," बाईसाहेब म्हणाल्या.

जेवण होताच थोरल्या साहेबांनी खिडकी उघडोन हुकूम सोडिला, की ओटा अर्धवट ठेवू नये, अर्धवट काम या घरात आजवर जाहले नाही, आज पुरता काढावा. धन्यांस हा हुकूम ऐकोन आपले कान दणकेमामांसारखे जाहले की काय ऐसा भास जाहला. मग फौज हलली. थोरले साहेब खिडकीतून हातवारे करीत, मामा ते पाहून पाते टेकवीत, आणि आरोळ्यांची गरजच उरली नाही. ज्यास ऐकू येत नाही तो आणि ज्याचे कोणी ऐकत नाही तो, या दोघांचे त्या दिवशी विलक्षण जमले. कोपरा दुपारपर्यंत झुंजला. मग त्यास चीर गेली, ती रुंद जाहली, आणि शेवटला धोंडा उताणा पडला. राडारोडा घमेल्यांनी टेम्पोत भरिला, टेम्पो लंगडत निघोन गेला, आणि अंगणात एकदम शांतता जाहली.

संध्याकाळी थोरले साहेब धन्यांचा हात धरोन दाराबाहेर आले. आजारपणानंतर प्रथमच. ओट्याखालची माती काळी, ओलसर, इतकी वर्षे उजेड न पाहिलेली, तीवर त्यांनी चप्पल काढोन पाऊल ठेविले. इकडे पाहिले, तिकडे पाहिले.

"बरीच मोठी जागा आहे की," म्हणाले. मग थोडे थांबून, सर्वांस ऐकू जाईल ऐसे, "कोणी गाडली होती ही?"

धनी भिंतीकडे पाहू लागले. मामांस ऐकू आले नाही.

"होता कोणी तरी," बाईसाहेब म्हणाल्या. "हात फार जड होता त्याचा."

"हं," थोरले साहेब म्हणाले. "पण काम चोख होतं."

"ते होतं," बाईसाहेब म्हणाल्या, आणि त्यांस बसावयास खुर्ची आणावयास आत गेल्या.

येणेप्रमाणे ओटा पडला, जागा मोकळी जाहली, पाण्याचा ओघ फिरला. दोन पाती कामी आली, मनगट एक जायबंदी, ते सांधत आहे. फत्ते कोणाची, हे लिहिण्याचे समयी तिघांचीही जबानी घेतली. बाईसाहेब म्हणाल्या, माझी. थोरले साहेब म्हणाले, ते विचारायला हवं का. धन्यांची जबानी ताटावरच घेतली. खिडकीबाहेर खुर्चीत बसलेल्या वडिलांकडे पाहात ते दुसऱ्यांदा भाजी वाढून घेत होते. तिन्ही जबान्या खऱ्या मानोन रुजू केल्या आहेत. लेखनमर्यादा.